दुसरा खोटा हुकूम

तिसरे झाड अडकले तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते.

पाणीपुरवठ्याच्या पंपघरामागे निलगिरीची एक जुनी रांग होती. मागच्या आठवड्यातल्या वादळाने तिच्यातली चार झाडे मुळांपासून सैल करून ठेवली होती, आणि ती पाडण्याचे काम उस्तादांच्या तीन माणसांच्या टोळीकडे आले होते. पहिली दोन झाडे आखल्याप्रमाणे मोकळ्या पट्ट्यात आडवी झाली. तिसरे मात्र पडता पडता शेजारच्या निलगिरीच्या दोन फांद्यांमधल्या दुबेळक्यात जाऊन रुतले आणि अर्ध्या वाटेवरच थांबले. बुंध्याशी, पुढची खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये राखलेली लाकडाची पट्टी अजून शाबूत होती. तिला ही मंडळी बिजागरी म्हणत. थोडा वेळ वरून सालीचे तुकडे आणि पाने गळत राहिली. मग सगळे शांत झाले.

काप थोरलीने घेतला होता. साखळी-करवतीचे मशीन बंद करून ती आधी मोकळ्या केलेल्या पळवाटेने तिरकी मागे आली आणि तिने हेल्मेटची जाळी वर केली. ती उस्तादांची मोठी मुलगी. घरी आणि टोळीत, दोन्हीकडे तिला थोरलीच म्हणत. सहा वर्षे ती वडिलांच्या हाताखाली काम करत होती, आणि कामावर असताना त्यांना कधीही बाबा म्हणत नसे.

"झालं कल्याण," पहिलवान म्हणाला. हा टोळीतला तिसरा माणूस. झाड ओढायचे हातविंच आणि दोर सांभाळणे हे त्याचे काम. अंगाने तो इतका काटकुळा होता की पट्टा आवळण्यासाठी त्याला जास्तीची तीन भोके पाडून घ्यावी लागली होती. "आता हे दोघं गळ्यात गळा घालून उभे राहणार, आणि आपली जेवणाची वेळ हुकणार."

कमरेवर हात ठेवून उस्ताद वर पाहत राहिले. आधी अडकलेल्या झाडाकडे, मग त्याला तोलून धरणाऱ्या झाडाकडे, मग पुन्हा पहिल्याकडे. नंतर ते म्हणाले, "थोरले, ते टेकूचं झाड खालून काप. दोन्ही एकदम येतील."

"नाही, उस्ताद," थोरली लगेच म्हणाली.

हे उत्तर तिने विचार करून दिले नव्हते. ते तिच्या अंगवळणी पडले होते. अडकलेल्या झाडाला ज्याने धरले आहे ते झाड कापायचे नाही, हा या कामातला पहिला धडा. कापणारा त्या वेळी दोन्ही झाडांच्या खाली असतो, आणि कोणते कधी कुठे येईल हे कुणालाच सांगता येत नाही. हा धडा तिला उस्तादांनीच दिला होता. आणि त्याच धड्यासाठी त्यांनी टोळीत एक रीत पाडली होती. दिवसातून एकदा ते मुद्दाम चुकीचा हुकूम द्यायचे. तो कोणता, हे त्यांनी सकाळी चहा पिता पिता ठरवलेले असायचे. ज्याला तो ओळखता येईल त्याने "नाही, उस्ताद" म्हणायचे. मग उस्ताद खदखदून हसायचे, त्याच्या पाठीत एक थाप घालायचे आणि म्हणायचे, "वाचलास." जो ओळखणार नाही त्याला ते जागच्या जागी थांबवायचे, आणि पुढचा आठवडाभर सगळ्यांच्या मशिनींच्या साखळ्यांना धार लावण्याचे काम त्याच्या गळ्यात पडायचे.

या रितीमागे एक माणूस होता. बावीस वर्षांपूर्वी, उस्ताद दुसऱ्या ठेकेदाराकडे कामाला असताना, मुकादमाने त्यांच्या जोडीदाराला अडकलेल्या झाडाखाली जाऊन एक फांदी तोडायला सांगितले होते. तो गेला, कारण त्याला सांगितले होते. उस्ताद शेजारीच उभे होते. तेही काही बोलले नाहीत, कारण हुकूम मुकादमाचा होता. "झाडानं नाही मारलं त्याला," ते पुढे सांगत, "ऐकण्यानं मारलं."

म्हणून "नाही, उस्ताद" म्हणून झाल्यावर थोरली त्यांच्या हसण्याची वाट पाहत राहिली.

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग पहिलवानाकडे पाहिले. त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली, जणू कुणी परक्या घराचा पत्ता विचारला होता. हा वेळ फार तर चार श्वासांचा असेल. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "वाचलीस," ते म्हणाले, आणि त्यांनी तिच्या पाठीत थाप घातली.

"आज डबल रेशन!" पहिलवान म्हणाला. "सकाळी मला, आता हिला. उस्ताद, वय वाढतंय तसे तुम्ही डांबरट होत चाललात."

तेव्हा थोरलीच्या लक्षात आले. सकाळी साडेआठला उस्तादांनी पहिलवानाला चालू मशीनमध्येच पेट्रोल ओतायला सांगितले होते. पहिलवानाने "नाही, उस्ताद" म्हटले होते आणि थाप खाल्ली होती. म्हणजे आजचा खोटा हुकूम होऊन गेला होता. मग हा कुठला?

तिने स्वतःची समजूत घातली की माणूस कधी दोनही देतो. पण एकदा मोजायला लागल्यावर तिला थांबता येईना. मंगळवारी उस्तादांनी दोर बुंध्याला न बांधता खोडाच्या मध्यावर बांधायला सांगितले होते, आणि त्याच दिवशी दुपारी विंचच्या दोराच्या रेषेतच उभे राहायला. गुरुवारीही दोन. त्याआधीच्या आठवड्यात एक दिवस तीन झाले होते, आणि जेवताना तिघेही त्यावर हसले होते. दर वेळी कुणी ना कुणी नाही म्हटले होते. दर वेळी तो वाचला होता. आपण आता तरबेज झालो आहोत, उस्ताद आपल्याला अधिक कठीण परीक्षेला बसवत आहेत, असे थोरलीला वाटत आले होते. तिने आईला तसे सांगितलेही होते. आई भांडी विसळत होती. ती एवढेच म्हणाली होती, "बरं आहे बाई. हल्ली काही विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतात. तुला तरी परीक्षा घेतात."

त्या बोलण्याकडे तेव्हा तिने लक्ष दिले नव्हते.

"उस्ताद," ती आता म्हणाली, "कोणत्या बाजूला फिरवायचं?"

"तू सांग," उस्ताद म्हणाले.

हेही गेल्या काही महिन्यांतले. आधी ते स्वतः सांगायचे, हात हवेत फिरवून दाखवायचे. आता म्हणायचे, तू सांग. तिला त्याचा अभिमान वाटत होता. या क्षणी मात्र अभिमान कुठे संपतो आणि दुसरे काही कुठे सुरू होते, हे तिला कळेना. तिने वडिलांकडे निरखून पाहिले. दाढी नीट केलेली, बुटांच्या नाड्या घट्ट, हातमोजे खिशात. नेहमीचेच उस्ताद.

"पंपघराच्या उलट बाजूला," ती सावकाश म्हणाली. "दुबेळक्याचं तोंड तिकडं मोकळं आहे."

"बरोबर," उस्ताद म्हणाले. ते खरोखरच बरोबर होते, आणि त्यामुळे ती आणखीनच गोंधळली.

त्यांनी कामाला सुरुवात केली. पहिलवानाने अडकलेल्या झाडाभोवती, त्याच्या शेंड्याच्याही पलीकडून, लाल-पांढरी फीत ओढली. पंपघराकडे जाणारी पायवाट बंद केली. खोड ज्या बाजूला वळणार होते तिच्या उलट अंगाला थोरली उभी राहिली आणि तिने बिजागरी एका कडेने थोडी थोडी कापत नेली. दुसऱ्या टोकाला अंगठ्याएवढा कोपरा तिने राखून ठेवला, बुंधा एकदम उसळू नये म्हणून. मग मशीन बंद करून लांब नेऊन ठेवले. आकडा असलेली लांब पहार खोडात अडकवून तिने आणि पहिलवानाने जोर लावला. खोड करकरत पाव वेढा फिरले. वर सालीवर साल घासल्याचा आवाज झाला. झाड पुन्हा रुतले.

"नाजूक हाताला काही हे ऐकत नाही," पहिलवान धापा टाकत म्हणाला. "माझ्यासारख्याला बोलवा."

"तुमच्यासारखे दोन असते तर पहारीऐवजी तुम्हालाच वापरलं असतं, काका," थोरली म्हणाली.

उरले विंच. पहिलवानाने मागच्या एका भक्कम झाडाच्या तळाशी कप्पी बांधली. तारेचा दोर तिच्यावरून वळवून घेतला, म्हणजे विंचचा दांडा ओढणारा माणूस पडणाऱ्या झाडापासूनही दूर राहील आणि ताणलेल्या दोराच्या कोनातही सापडणार नाही. दोराचे दुसरे टोक थोरलीने बुंध्याला, अगदी खाली बांधले. बुंधा मागे ओढत न्यायचा, म्हणजे शेंडा आपसूक दुबेळक्यातून निसटतो. उस्ताद फितीबाहेर तिच्याजवळ उभे राहिले. शेंड्यावर नजर ठेवायची आणि काही हलले की हात वर करायचा, एवढेच काम तिने त्यांना सांगितले होते. वडिलांना काम आपण सांगितले, हेही तिला नंतर जाणवले.

पहिलवान दांडा मागेपुढे करू लागला. दोर जमिनीवरून उचलला गेला, ताठ झाला. बुंधा वीतभर मागे सरकला. मग आणखी वीतभर. राखलेला कोपरा तुटल्याचा सुका आवाज झाला. थोरली वर पाहत होती. शेंडा थरथरत होता, अजून धरून होता.

तिने शेजारी पाहिले तर उस्ताद तिथे नव्हते.

ते फितीखालून वाकून आत गेले होते. बुंध्याजवळ कापात ठोकायची एक नारिंगी पाचर पडली होती. ती उचलायला ते सरळ खोडाच्या खालून चालले होते, अंगणात पडलेला टॉवेल उचलायला जावे तसे, निवांत.

"थांबा!" ती ओरडली. "काका, थांबा! दांडा सोडू नका, तसाच धरा!" आणि मग, "बाबा!"

पहिलवानाने दांडा छातीशी धरला. उस्ताद थांबले. पाचर त्यांच्या हातात होती. त्यांच्या डोक्यावर दीड पुरुष उंचीवर ते खोड होते, आणि त्याला धरून ठेवायला आता होते ते एका बाजूला दुबेळके आणि दुसऱ्या बाजूला दोर एवढेच. त्यांनी वर पाहिले नाही. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग पहिलवानाच्या. कपाळावर तीच बारीक आठी. मग ती विरली.

"वाचलात," ते म्हणाले.

पहिलवान हसायला म्हणून तोंड उघडून तसाच राहिला. खोटा हुकूम उस्ताद नेहमी दुसऱ्याला द्यायचे. स्वतः ते कधी झाडाखाली गेले नव्हते, बावीस वर्षांत एकदाही नाही.

"बाबा, बाहेर या," थोरली म्हणाली. आवाज शक्य तितका साधा ठेवत ती पुढे म्हणाली, "आलात तसेच मागे."

उस्तादांनी एक पाऊल टाकले आणि ते थबकले. "कुठून आलो?" त्यांनी विचारले.

तिने हात लांब करून दाखवले. ते त्या हाताच्या रोखाने चालत आले, फीत उचलून बाहेर आले आणि पाचर तिच्या हातात देऊन म्हणाले, "राहिली होती तुझी."

तिने पहिलवानाला खूण केली. दांडा आणखी चौदा वेळा मागेपुढे झाला. मग शेंडा सुटला, आणि झाड अंग टाकून दिल्यासारखे जमिनीवर आले.

पंपघरातली खोली लहान होती. भिंतीवर दाब दाखवणाऱ्या तीन तबकड्या, एक टेबल, त्यावर नोंदवही आणि दोरीने बांधलेले पेन. पलीकडे मोटार एकसुरी घरघरत होती. पंपचालक फेरीवर गेला होता. थोरलीने वडिलांना त्याच्या खुर्चीवर बसवले आणि आपण खिडकीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. काय विचारायचे ते तिला कळत होते. कसे विचारायचे ते कळत नव्हते.

"आजचा खोटा हुकूम कोणता होता?"

उस्ताद बुटांकडे पाहत राहिले. "एक झाला ना."

"दोन झाले. ठरवलेला कोणता?"

मोटारीच्या आवाजात त्यांचे उत्तर तिला जवळजवळ ऐकूच आले नाही. "सकाळी ठरवतो. चहा घेताना ठरवतो, नक्की. पण इथं आल्यावर कोणता ठरवला होता ते सापडत नाही. मग मी बोलतो. बोललो की तुमच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही नाही म्हणालात की मला कळतं, अच्छा, हा खोटा होता."

"आणि आम्ही नाही म्हणालो नाही तर?"

"तर खरा."

थोरलीला एकदम हसू आले, आणि तिने ते लगेच आवरले. "किती दिवस चाललंय हे?"

"तू सांग," ते म्हणाले. मग आपल्याच शब्दांवर ते ओशाळले. "म्हणजे, मला नाही सांगता येणार. हिवाळ्यापासून असेल. आधी एखाददुसरा असायचा. पोरी, झाड कळतं गं मला अजून. हात ठेवला की कळतं, कुठं ताण आहे, कुठं नाही. मधलंच काहीतरी निसटतं. जिन्याची एक पायरी काढून घ्यावी तसं."

"आईला सांगितलंत?"

"तिला काय सांगू? तिला मी विचारतो, जेवलो का मी? ती म्हणते, चेष्टा करू नका."

बाहेर पहिलवान दोर गुंडाळत होता. कप्पी दगडावर आपटल्याचा आवाज आला. थोरलीने डोळे मिटले. सहा महिने ती दर वेळी नाही म्हणाली होती, आणि दर वेळी त्या नकाराने वडिलांचा खरा गोंधळ झाकला गेला होता. तिने त्यांना वाचवले होते की बुडवले होते? आणि ज्या हुकमांना तिने हो म्हटले होते, त्यांचे काय? त्यांतले किती चुकीचे होते, आणि केवळ नशिबाने निभावले? आठवून पाहू लागली तर प्रत्येक झाड संशयास्पद वाटू लागले.

"ऐक," उस्ताद म्हणाले. त्यांनी मान वर केली होती. आवाज कामावरचा होता. "उद्यापासून मला मशीन द्यायचं नाही. फितीच्या आत येऊ द्यायचं नाही. मी रागावलो तरी नाही. कळलं?"

थोरलीने त्यांच्याकडे पाहिले, आणि तिच्या ध्यानात आले की आपण नेहमीच्या सवयीने त्यांच्या ओठांच्या कडेला हसू शोधत आहोत. हसू नव्हते. पण मगाशी टेकूचे झाड कापायला सांगतानाही ते नव्हते.

"हे खरं सांगताय ना, बाबा?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मला वाटतं खरं आहे," ते म्हणाले. "तुला काय वाटतं?"

"खरं आहे," ती म्हणाली.

"मग झालं."

पहिलवानाला हे आपणच सांगणार, असा त्यांनी हट्ट धरला. तिघे पंपघराबाहेरच्या ओट्यावर उभे राहिले. उस्तादांनी हेल्मेट काढून काखेत धरले. "पहिलवान, आजपासून माझा कुठलाही हुकूम ऐकायचा नाही. थोरली सांगेल ते करायचं."

"नाही, उस्ताद!" पहिलवान तत्काळ म्हणाला आणि थापेसाठी पाठ पुढे करून हसत उभा राहिला.

थाप पडली नाही. उस्ताद त्या पाठीकडे पाहत राहिले, मग मुलीकडे.

"काका," थोरली म्हणाली, "हा खोटा नव्हता."

पहिलवान सावकाश सरळ झाला. "म्हणजे?"

"म्हणजे खरंच ऐकायचं नाही."

"पण 'ऐकायचं नाही' हा हुकूम तर त्यांचाच ना? तो ऐकायचा?" त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. त्याच्या आवाजातली चेष्टा वाटेतच संपली. "थोरले, मगाशी ते आत गेले तेव्हा..."

"हो."

"आणि मंगळवारचा दोर?"

"माहीत नाही, काका. बहुतेक."

पहिलवानाने डोक्यावरचे हेल्मेट काढले, पुन्हा घातले. शेवटी तो उस्तादांसमोर गेला, त्यांच्या हातातले हेल्मेट घेऊन त्यांच्या डोक्यावर चढवले आणि हनुवटीखालचा पट्टा लावला. "फितीबाहेरही लागतं," तो म्हणाला.

चौथे झाड उरले होते. ते सैल मुळांवर उभे होते आणि पायवाट रात्रभर बंद ठेवता येणार नव्हती. थोरलीने ते तीन बाजूंनी पाहिले. कल मोजला, पळवाट मोकळी केली, पहिलवानाला त्याची जागा दाखवली. आपण योग्य तेच करत आहोत की नाही, हे आता विचारायला कुणी नव्हते. खाच घेण्यासाठी ती वाकली.

"थोरले," फितीपलीकडून उस्ताद म्हणाले, "वारा फिरलाय."

तिने पहिलवानाकडे पाहिले. पहिलवानाने तिच्याकडे. मग दोघांनी वर पाहिले. शेंड्याची पाने उन्हात लकाकत होती. काही पंपघराकडे झुकली होती, काही मोकळ्या पट्ट्याकडे, काही मुळीच हलत नव्हती. गालावर काही जाणवते का म्हणून तिने हेल्मेटची जाळी वर केली. काही जाणवले नाही. तरी तिने मशीन बंद करून जमिनीवर ठेवले आणि वारा कुठे आहे ते नीट कळेपर्यंत ती वाट पाहत उभी राहिली.